स्वच्छ कॉपीचा खुलासा

नांदेड, रविवार

चि. मुख्याध्यापक दयानंदराव यांस (भाचा असलास तरी खुर्चीचा मान वेगळा) भुजंगमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं खुशाल. जिना सोडला तर माझा गुडघा कुरकुरत नाही. तुझा रक्तदाब कसा आहे? शिक्षणाधिकाऱ्यांची नोटीस आल्यापासून तो वाढलाय, असं अक्का फोनवर म्हणाली, म्हणून हे पत्र.

दयानंद, मी चुकीचं काय बोललो ते मला अजून कळलेलं नाही. तू उदगीरला शाळेत बोलावलंस, 'जुने पत्रकार' म्हणून हार घातलास आणि दहावीच्या मुलांना चार शब्द सांगा म्हणालास. (कार्यक्रम कॉपीमुक्तीच्या शपथेचा होता, असं मागच्या फलकावर लिहिलं होतं म्हणे. फलकाकडे माझी पाठ होती.) मी छाती पुढे काढून सांगितलं, "मुलांनो, विसाव्या वर्षी पहिली कॉपी दिली आणि पुढे बत्तीस वर्षं कॉपीवरच पोट भरलं. माझी कॉपी इतकी स्वच्छ, की वरच्यांनी कधी हात लावला नाही." टाळ्यांचा नुसता कडकडाट! मागून एक पालक ओरडले, "आजोबा लई खरं बोलायलेत की हो!" शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी वहीत भराभर लिहायला लागले. मला वाटलं, भाषण उतरवून घेताहेत, म्हणून मी आणखी रंगात आलो.

आता एकोणीसशे साठच्या आसपासची आमची भाषा त्या साहेबांना कोण सांगणार? आमच्या साप्ताहिकात बातमीदार हाताने लिहून द्यायचा ती कॉपी. कार्बनखाली निघायची तीही कॉपी. छापून, सुतळीने बांधून धर्माबादच्या गाडीत टाकायचो त्याही कॉप्याच. साबणवाल्याने स्वतःच्या साबणाची लिहून आणलेली स्तुती, तीसुद्धा कॉपी. कुठल्या कापसाच्या जिनिंगला आग लागली की संपादक हात चोळत म्हणायचे, "चांगली कॉपी आहे!" (एकदा जिनिंगच्या मालकासमोरच म्हणाले. वर्षभर जाहिरात बंद.) आणि छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा शरणप्पा दारातच हात पुढे करायचा, "कॉपी द्या की हो, हात रिकामे हायत." माझी कॉपी मिळाली की त्याचा चेहरा खुलायचा. एक खाडाखोड नाही, काना-मात्रा जागच्या जागी. मला आजही त्याचा अभिमान वाटतो. एवढा मानाचा शब्द तुम्ही लोकांनी चिठ्ठीत गुंडाळून पायमोज्यात घातला, त्याला मी काय करू?

तरी माझ्या तोंडामुळे तुझ्या नोकरीवर बालंट आलं, याचं मनापासून वाईट वाटतं. खुलासा मंगळवारपर्यंत द्यायचा आहे ना? तो सोबत जोडला आहे. वाचून साहेब गार होतील.

तुझा,
भुजंगमामा

ता. क. खुलाशातलं अक्षर तुझ्या गुणामामीचं आहे.

ता. ता. क. मजकूरही तिचाच. बातमी मी आणायचो, लिहायची ती. माझं अक्षर मलाच लागत नसे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. खुलासा तुझ्या अक्षरात जसाच्या तसा उतरव आणि खाली सही ठोक. घाबरू नकोस, मी बत्तीस वर्षं नुसतं खाली नाव घातलं, कुणी पकडलं नाही.