टाकीतल्या रोपांना महिपतीने हात लावू नये

मी, जयदेव धोंडिबा भोईर, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, निवृत्त फिटर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर नातेवाइकांना पुरते ओळखून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही.

१. बेलवलीचे राहते घर मी स्वकष्टाने बांधले असून त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. ते मी माझी सून विठा हिला देत आहे. माझा मुलगा किसन लग्नानंतर वर्षाच्या आत काविळीने गेला. तेव्हापासून विठा आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि घरी येऊन माझे करते.

२. बारवी धरणाकडच्या शेतातला हिस्सा मी धाकटा भाऊ महिपती याला पूर्वीच सोडला आहे. भात त्याला कळते. अडचण अशी की, जगात दुसरे काही उगवते हे त्याला मान्य नाही.

३. बाहेरच्या खोलीतली काचेची टाकी, मासे व रोपांसह, विठालाच. कारण नमूद करतो. उल्हासनगरच्या सिंधी शेठने रोपे देताना बजावले होते, "साईं, लगा के भूल जाओ. पुराना पत्ता गलेगा, डरना मत." विठाने तशीच लावली. मुळे तेवढी वाळूत, कोंब मोकळा. नळाचे पाणी बादलीत रात्रभर ठेवून, औषधाचा वास उडाल्यावरच टाकीत घातले.

आम्ही दोघे दवाखान्यात गेलो असताना महिपती आला. त्याने सगळी रोपे उपटली, भाताच्या लावणीसारखी मूठमूठभर गळ्यापर्यंत खुपसली आणि वर चिमूटभर युरिया टाकला. रोपे कुजली, मासे उलटे तरंगले. हा शहाणा म्हणतो, "दादा, तुमच्या पान्यातच दोष हाये."

विठाने पुन्हा रोपे आणली, नवे मासेही सोडले. जुनी पाने गळू लागली. महिपती येईल तेव्हा मूळ धरले का पाहायला एखादे रोप उपटून बघे, आणि धरले नाही म्हणून मान हलवी. "मेली ही रोपां, दे फेकून." शेवटी विठाने त्याचे मनगट धरले. "काका, हात काढा. मुळं धरतायत."

आज पाने पाण्याच्या वर आली आहेत. गावात महिपती सांगतो, युरिया लागू पडला.

४. किसनच्या तेराव्याला याच भावाने चारचौघांत म्हटले होते, "पोरीचा हितं काय हाये आता? धाड तिला माहेरी." त्यानंतर प्रत्येक सणाला तो तिला विचारतो, कधी निघतेस. मला त्याचा तेव्हा संताप आला, आजही येतो. विठा माझी मुलगी आहे. ती कुठेही जाणार नाही. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील, आणि नवरा इथे राहायला आला तर त्याच्या हातचा चहा महिपतीने मुकाट प्यावा.

५. युरियाचा डबा माळ्यावर आहे. तो महिपतीचाच असल्याने त्याने घेऊन जावा.

६. दादाचे डोके फिरले आहे, पाण्यातल्या गवताशी बोलतो, असे महिपती सगळ्यांना सांगतो. उद्या घरासाठी कोर्टातही सांगेल. म्हणून पहिला साक्षीदार तोच घेतला आहे. साक्षीदाराला मजकूर दाखवावा लागत नाही, असे वकील म्हणाले.

सही: जयदेव धोंडिबा भोईर
बदलापूर, १२ मार्च १९९६

"जयदेव भोईर यांनी आमच्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर असून त्यांना आपले बरेवाईट नीट कळते, अशी आमची खात्री आहे."

साक्षीदार:
१. महिपती धोंडिबा भोईर, सख्खा भाऊ
२. चंदू रामभाऊ गायकर, शेजारी