कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

९ जानेवारी २००६

आज पुन्हा! पडद्यावर उभ्या हिरव्या रेघा. आधी दोन-तीन, मग सगळीकडे. अक्षरं फाटली. मग निळा पडदा, त्यावर इंग्रजीत काहीतरी दटावणी, आणि बंद. विसावं प्रकरण दुरुस्त करत होते. सेव्ह केलं होतं की नव्हतं, आठवत नाही.

मुलगा साकेत पुण्याला शिकायला गेला तेव्हा हा कॉम्प्युटर मला ठेवून गेला. तेव्हापासून कादंबरी थेट यातच लिहिते. कागदावर एक ओळ नाही. नागपूरच्या प्रकाशकांनी फेब्रुवारीअखेर मागितली आहे. "नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू." आयुष्यातलं पहिलं पुस्तक, आणि मी सेहेचाळीस वर्षांची. पुढची वर्षं मी बरीच पाहिली आहेत.

१० जानेवारी

चालू झाला. चहा गार व्हायच्या आत बंद.

१२ जानेवारी

बंटी आला. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मॉनिटरच्या कानाखाली दोन वाजवल्या. रेघा गेल्या! "पाहा काकू, वायर ढिली होती." चहा पिऊन गेला. गल्लीच्या टोकाला पोचला नसेल तोच रेघा हजर. मीही दोन वाजवल्या. माझ्या हाताला गुण नाही.

१५ जानेवारी

कापसाचा तिसरा वेचा घरी आला. भाव पडलेला, विठ्ठलराव विकायला तयार नाहीत, आणि कापूस ठेवायला समोरच्या खोलीशिवाय जागा नाही. ढीग खिडकीच्या वर गेला. मधे माझं टेबल तेवढं उरलं — विहिरीत बसल्यासारखी लिहिते. अंगभर खाज. टेबल हलवता येत नाही, तीन पिनांचा प्लग सगळ्या घरात इथेच.

विठ्ठलराव म्हणाले, "भाव येऊ दे, मंग खोली तुलेच." (तोंडावर मी 'अहो' म्हणते. विठ्ठलराव फक्त या पानावर.) गेल्या वर्षीही भाव येणार होता.

सासूबाईंना दया आली. जुन्या लुगड्याची खोळ शिवून कॅबिनेटला घातली, वर नाडी. "आता कापूस नाही जाणार आत. चालू असला तरी काढजो नको."

१८ जानेवारी

खोळ घातल्यापासून आणखी लवकर बंद पडतो. सासूबाई म्हणतात, नवीन आहे, सवय होईल.

२२ जानेवारी

बंटी परत आला. खोळ बघून हसला, पण काढली नाही. या वेळी व्हायरस निघाला. "फॉर्मॅट मारा लागते काकू." म्हणजे आतलं सगळं पुसणार. कादंबरी? "थे बी जाईन. पुन्हा टाइप करा ना, तुमचंच तं आहे." फ्लॉपीवर उतरवून घे म्हटलं, तर फ्लॉपी आत जाईना.

मग व्हायरस कुठवर पोचला ते बघायला त्यानं माझी फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचलं — 'हंसानं ताट सारलं, हात धुतले आणि ती पुसदच्या गाडीत जाऊन बसली.'

"कोठं चालली काकू हे?"

विठ्ठलराव खांद्यावर गाठोडं घेऊन दारातच उभे होते.

फॉर्मॅटला नाही म्हटलं. बंटीला वाईट वाटलं.

रात्री जेवताना —

"पुसदले कोण आहे आपलं?"

"कोणी नाही."

"मंग कायले जाते ते?"

"गोष्ट आहे अहो."

"हो, पण कायले?"

मी भात वाढला. नको असताना वाढला.

२३ जानेवारी

हंसा म्हणजे मी नाही. हे इथे लिहून ठेवते. तिला मूल नाही. तिचा नवरा बोलत नाही. विठ्ठलराव बोलतात, कापसाबद्दल. हंसा नवऱ्याला सोडून जाते आणि शेवटच्या प्रकरणातही परत येत नाही. मी लग्नापासून दिग्रसमध्येच आहे.

पण तिला गाडीत बसवलं त्या दिवशी मी उगाच बसस्टँडपर्यंत जाऊन आले. ते का, हे पानालाही सांगता येत नाही.

२७ जानेवारी

आज स्वतः खोळ काढली, पेचकस घेतला, स्क्रू काढून कॅबिनेट उघडलं.

आत कापूस! पंख्याभोवती असा घट्ट थर की पाती हलायला जागा नाही. फ्लॉपीच्या तोंडात बोळा. बिचारा आतून भाजत होता आणि आम्ही त्याला वरून लुगडं नेसवलं!

सासूबाईंनी तो थर हातात घेतला, तळव्यावर वळला. "धागा लांब आहे व." देवापुढे वात लावली. छान जळली. खोळ घडी होऊन कपाटात गेली.

दुपारभर कॉम्प्युटर चालला. एक रेघ नाही!

३१ जानेवारी

परत रेघा. पंखा फिरला की शेजारच्या ढिगातला कापूस ओढून घेतो. रोज उघडते, रोज काढते. विठ्ठलरावांना म्हटलं, याला कापूस सोसत नाही.

"मंग कापसाले कोठं नेऊ? शाळेत घालू?"

दोघं एका खोलीत राहू शकत नाहीत, एवढं ठरलं. जायचं कोणी, ते नाही ठरलं.

४ फेब्रुवारी

जळका वास आला. आता चालूच होत नाही. बंटी म्हणाला, डिस्कवर आहे तुमचं सगळं, पण पंखा आणि कार्ड बदला लागते, "अन् ह्या खोलीत पुन्हा तेच होईन." पहिल्यांदा बरोबर बोलला.

महिना लहान आहे. पुढच्या वर्षी बघू, असं स्वतःला म्हणून पाहिलं. जमलं नाही. ओट्याशी उभी राहून रडले. कांदे चिरत नव्हते.

८ फेब्रुवारी

नेरला लग्नाला दोन दिवस जाऊन आले. समोरची खोली रिकामी! झाडलेली, पुसलेली. टेबलावर कॉम्प्युटर चालू, पडदा स्वच्छ.

"कापूस?"

"देल्ला व्यापाऱ्याले."

"भाव आला?"

"नाही."

सासूबाई आतून बाहेर आल्या नाहीत. विठ्ठलराव दारात उभे राहिले, टोपी हातात.

"आता लिव्ह. फक्त एक सांग. ते बाई वापस येते का नाही?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

आज सकाळपर्यंत ठरलं होतं.