झोळीत दक्षिणेकडे पाय

११ जानेवारी, रविवार
हे आले एकदाचे. दुपारी. अंगाला धुराचा वास, चेहरा कसा टवटवीत. "मस्त झोप लागली व झोळीत," म्हणे. का, घरच्या गादीत काय मी काटे भरले?

तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. डेपोच्या खाटेवर, बाकड्यावर, गाडीच्या मागच्या लांब सीटवर, पाठ टेकली की घोरणं सुरू. आता रिटायर झाल्यावर यांना झोपायला दोन झाडं आणि मधे बांधलेलं कापड लागतं. सोबत दिलीपभाऊ, यांच्याच गाडीवरचे जुने कंडक्टर, अमरावतीला राहतात. आधी चिखलदरा झालं, मग कौंडण्यपूरला नदीकाठी, आता दि.भाऊंच्या बहिणीचं अंजनगावजवळचं शेत. महिन्यातून एकदा जायचे तोवर मी काही बोलले नाही. दिवाळीपासून दर शनिवारी. काहून?

मला पटत नाही. बस, पटत नाही.

१३ जाने.
सकाळी उठले तर हे पुन्हा हॉलमधे, आरामखुर्चीत. पांघरूण गुडघ्यावर. "गरम होऊन राहिलं आत." जानेवारीत! अकोल्याचा उन्हाळा यांना आताच लागला वाटतं. मी स्वेटर घालून चहा केला.

खोलीत माझ्याजवळ गरम होतं, आणि शेतात झोळीत होत नाही.

१५ जाने., गुरुवार
आज मात्र पकडलं.

हे भाजी आणायला गेले होते. मी वरून जिन्यात डोकावले तर दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकून उभे, फोन कानाला. "हौ... हौ... बोल ना... हौ..." आवाज एकदम हळू. असा हळू आवाज माझ्याशी कधी काढला नाही. मला पाहिल्याबरोबर फोन खिशात. "कोण होतं?" "दिलीप."

हे आंघोळीला गेल्यावर यांचा फोन पाहिला. पाहिला तर पाहिला. दि.भाऊंचा शेवटचा फोन परवाचा! आज कोणाचाच नाही. ना आलेला, ना गेलेला.

मग हौ-हौ कोणाला?

पल्लवीला नागपूरला फोन केला. तर पोरगी मलाच हसते. "आई, बाबांनी ताजी मेथी आणली तरी तू विचारते, इतकी ताजी कशी काय म्हणून." लग्न मे महिन्यात आहे तिचं, तिला सगळं जग गुलाबी दिसतं सध्या. दिसू दे.

१७ जाने., शनिवार
गेले. दिवाणावरचा लोड घेऊन गेले! आणि वर एक उशी.
"कॅम्पिंगले लोड काहून लागते?"
"टेकायले."
"आणि उशी?"
"अव, टेकायलेच."
माणूस एक. झोळी एक. टेकायला किती लागतं एका माणसाला?

लिहायचं नव्हतं पण लिहिते. कोणी बाई असेल का? या वयात? केस गेले, दात दोन गेले. पण टक्कल पडलं म्हणून काय झालं, माणसाचा भरवसा नाही. रडू आलं. मग रडू आलं याचाच राग आला. भांडी घासायला बाई येते तरी सगळी स्वतः घासली.

१८ जाने.
लोड परत आला. वास घेतला. धूर, बाम, शेणाच्या गोवऱ्या. अत्तर-बित्तर नाही. केस सापडला एक, पांढरा, यांचाच.

मोजे काढले तर घोट्याच्या वर वळ पडलेले, खोल, बोट जाईल असे. "नवे मोजे, घट्ट आहेत." नवे कुठले? मीच घेतले होते मागच्या वर्षी. यावरही खोटं बोलायची गरज पडते का कोणाला? मोज्यांवर?

२० जाने., मंगळवार
दि.भाऊंनी आपल्या 'झोळीवाले' ग्रुपवर फोटो टाकला. हे झोळीत, डोळे मिटलेले, खाली लिहिलं 'राजेसाहेब'. मी कितीतरी वेळ पाहत बसले. काहीतरी चुकलं होतं आणि काय ते कळेना.

मग कळलं. यांच्या डोक्यामागे डोंगर दिसतो.

त्या शेतावर मी दोनदा गेले आहे हुरड्याला. डोंगर उत्तरेला. डोकं उत्तरेला म्हणजे पाय दक्षिणेला.

आता हे मलाच माहीत, की या माणसाने जन्मात कधी दक्षिणेकडे पाय केले नाहीत. यमाची दिशा. लग्नाच्या पहिल्या रात्री पलंग फिरवला होता, मी घाबरून गेले की हे काय करून राहिले. लग्नघरी शंभर लोक एका दिशेने झोपले तर हे एकटे आडवे, लोकांच्या लाथा खात. डेपोत यांना 'कंपास' म्हणायचे. नवीन गावच्या मुक्कामाला ड्रायव्हर लोक यांनाच विचारायचे, कंपासभाऊ, दक्षिण कुठी हाय?

बाई आणेल एखादवेळी. पण बाईसाठी हा माणूस दक्षिणेकडे पाय करणार नाही.

बाईचा विषय डोक्यातून गेला. बरं वाटायला पाहिजे होतं. उलट जास्त भीती वाटून राहिली.

२३ जाने., शुक्रवार
सांगून टाकलं. उद्या मी पण येते.
"तुले नाई जमायचं त्या झोळीत."
"तुमच्या पोटाला जमतं ते माझ्या कमरेला जमेल."
"थंडी असते."
"तुम्हाला गरम होते ना जानेवारीत? मग मलाही होईल."
यांनी गॅलरीत जाऊन फोन लावला. या वेळी खरा लावला होता, पलीकडून दि.भाऊंचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "अबे मंग आता?" एवढंच ऐकलं.

आता काय ते पाहूच.

२५ जाने., रविवार. शेतावरून
लिहिलं नाही तर वेड लागेल.

काल सगळं गोड गोड. रोडगे, वांग्याची भाजी, दि.भाऊंची जुनी बडबड. माझ्यासाठी दुसरी झोळी बांधली होती, त्यात बसायला गेले ती पलीकडून धाडकन खाली. व माय! दि.भाऊ हसून हसून लोळले. हे पण हसले, मग खोकले, मग पाठ करून उभे राहिले. रात्री मी घरातच खाटेवर झोपले.

आज सकाळी हे संत्र्याच्या बागेत गेले, तेव्हा यांची झोळी नीट पाहिली. एक दोर आंब्याच्या इतक्या वरच्या फांदीला, की दि.भाऊंचाही दगडावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही. दुसरा दोर खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. मधे लोड, त्यावर उशी. आत बसून पाहिलं. झोपताच येत नाही त्यात! माणूस बसतो. आरामखुर्चीत बसतो तसा. आणि आंबा चढावर आहे, डोंगराच्या बाजूला. एवढं उंच डोकं त्या एकाच झाडाला करता येतं, म्हणून डोकं उत्तरेला.

हा लोड सासूबाईंचा. शेवटच्या महिन्यांत त्या याच लोडाला टेकून, बसल्या-बसल्याच झोपायच्या.

तशीच झोळीतून उतरले.

दि.भाऊंना विचारलं, "यांना काय झालं आहे?"
"वहिनी, चुलीवर दूध आहे," म्हणे, आणि पळाले. चूल विझलेली होती.

मग मी केलं ते केलं. झोळी सोडली. बांधावर दोन कडुलिंब आहेत, पूर्व-पश्चिम, सपाट जागेत. तिथे बांधली, दोन्ही दोर सारख्या उंचीवर. लोड काढून घरात ठेवला. हे आले, पाहत राहिले.
"काहून सोडली?"
"दक्षिणेकडे पाय होत होते तुमचे. मला चालत नाही."
नियम यांचाच. माझ्याकडे पाहिलं, दि.भाऊंकडे पाहिलं. जेवण झालं, म्हटलं आता पडा जरा. पडले. मी शेजारी संत्रं सोलत बसले, जसं काही माझं लक्षच नाही.

वाटलं होतं, कुरकुर करतील, उठतील, मग मी विचारीन. वाटलं होतं, आज खरं काढते बाहेर.

संत्रं सोलून व्हायचं होतं. झोळी हलायला लागली. दोन्ही हातांनी कापड धरलं, तोंड उघडं, आवाज नाही. उठायला पाहतात आणि झोळी आणखी आत ओढते. "काढ... मले काढ..." मी ओढलं, दि.भाऊ धावत आले, दोघांनी उचलून खाटेवर बसवलं. ओठ निळे. दि.भाऊ पाठीमागे टेकून बसले आणि हळूहळू श्वास आला. दि.भाऊंना सगळं बरोबर माहीत होतं कसं धरायचं. म्हणजे आधीही झालं आहे हे.

मी काय करून बसले देवा.

२६ जाने., सोमवार
घरी. सांगितलं यांनी, खुर्चीत बसून, माझ्याकडे न बघता.

दिवाळीपासून. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. झोळीत डोकं वर राहतं म्हणून आठवड्यातून एक रात्र तरी धड झोप मिळते. आणि तो जिन्यातला फोन!
"फोन कानाले लावला की कोनी इचारत नाई, काहून थांबला म्हणून."
श्वास घ्यायला थांबत होते. माझ्यापासून लपून श्वास घेत होते.

"डॉक्टरकडे काहून नाही गेले?"
"पल्लवीचं लग्न होऊ दे ना व. आता भरती केलं त पोराकडचे पावणे म्हणतीन, तारीख पुढे ढकला. माय दवाखान्यात गेली ते घरी आली का?"
"आणि दक्षिण?"
"झोप लागत होती," म्हणाले.

मी खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. बाई परवडली असती, असंही म्हणाले. हे हसले त्यावर. मला हसू आलं नाही.

दि.भाऊंना फोन केला. म्हटलं, जन्मभर कंडक्टरकी केली, गाडी थांबवायची घंटी तुमच्या हातात होती ना? मग काहून नाही मारली? तिकडून रडण्याचा आवाज आला. मी फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं, पण पुन्हा लावला नाही.

२८ जाने., बुधवार
डॉक्टरकडे जाऊन आलो. छाती तपासली, घोटा दाबला, बोटाचा खड्डा तसाच राहिला. मोजे! पाणी साचलं आहे अंगात, हृदय कमी पडतं आहे. गोळ्या सुरू. मीठ बंद. अमरावतीला मोठी तपासणी, उद्याच. "रिपोर्ट येऊ द्या, मग बोलू. काळजी करू नका."

काळजी करू नका म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या पेनाकडे पाहिलं. मी सगळं पाहते.

पल्लवीचा फोन. "बाबा कुठे आहेत?" यांनी खुर्चीतून मान हलवली, सांगू नको. "झोळीत," म्हटलं. "किती मजा करतात बाबा," म्हणाली. किती दिवस लपवू मी? माझं तोंड तसं नाही. मलाच कोणी फसवलेलं चालत नाही, आणि आता मी पोरीला फसवते आहे.

३० जाने., शुक्रवार
काल तपासणी झाली, रिपोर्ट मंगळवारी. दि.भाऊ तिथे आमच्या आधी येऊन उभे होते, डबा घेऊन. बिनमिठाचा. आम्ही दोघंही त्या फोनबद्दल काही बोललो नाही.

आज हॉलमधे झोळी बांधली. पल्लवीच्या पाळण्याचा हुक अजून आहे स्लॅबला. डोक्याचा दोर त्याला. पायाचा खिडकीच्या खालच्या गजाला. दुसरीकडे कुठे बांधायची सोयच नाही, सगळीकडून पाहिलं. लोड ठेवला, उशी ठेवली, स्वतः बसून हिसके मारून पाहिलं. गाठही दोनदा तपासली.

हे उभेच. खिडकीकडे पाहत.
"दक्षिणेकडे पाय होऊन राहिले."
"हौ. होऊन राहिले."
"तिकडे शेतात कोनी पाहत नव्हतं. घरात बरं नाई वाटत व."
म्हटलं, थांबा. आरामखुर्ची ओढत नेली आणि खिडकीपाशी लावली, झोळीच्या पायथ्याशी. बसले तिथे.
"मी बसते इथे. दक्षिणेकडून तो आला त पहिले मले भेटन. कोण, कुठून आला, कोणी पाठवलं, काहून आजच. मी असं कोणाले सोडत नाही, तुमाले माहीत आहे."

हसले. खोकला नाही आला. मग माझ्या आधाराने चढले आणि टेकले.

दुपार झाली आहे. झोपले आहेत. तोंड थोडं उघडं, बारीक घोरणं चालू. पूर्वी या घोरण्यासाठी मी भिंतीकडे तोंड करून कानात कापूस घालायचे. आता मधेच थांबलं की मी लिहिणं थांबवते.

जिन्यात पाऊल वाजलं कोणाचं तरी. उठून दाराची कडी पाहिली. लागलेली होती. परत येऊन खुर्चीत बसले.