शीर दिसते, मग जाते कुठे?

३ मार्च, सकाळ
आमच्या इमर्जन्सीत सोनोग्राफीचं छोटं मशीन आलं. ज्यांची शीर सापडत नाही, त्यांची पडद्यावर बघून सुई लावायची. सगळ्या कुमासी शहरात हे माझ्याइतकं कुणाला जमणार नाही. व्हिडिओ बघितलाय. दोनदा.

४ मार्च
सेरवा आंटी आल्या. सिकलसेलचं दुखणं, कळवळत होत्या. लहानपणापासून सुया खाऊन हातांच्या शिरा संपल्यात. शीर मिळेना म्हणून दुखण्याचं औषध अडलेलं. म्हटलं, आंटी, एकच टोचा बसेल. पडद्यावर शीर काळीभोर दिसली. आणखी नीट दिसावी म्हणून मशीनचा प्रोब हातावर दाबला, तर गायब! मशीन डुप्लिकेट असणार. चार टोचे झाले. आंटी म्हणाल्या, मी शिंपीण आहे डॉक्टर, कापडालासुद्धा एवढं टोचत नाही. शेवटी आमच्या सीनियर डॉ. बोआदू मॅडमनी मानेतल्या शिरेत लाईन घातली. मला म्हणाल्या, हात सैल सोड. वय झालंय मॅडमचं.

६ मार्च
झोप नाही. जेवणात फुफूचा गोळासुद्धा घशाखाली गेला नाही.
पण कारण सापडलं! प्रोबखाली लावायचं जेल संपल्यापासून आम्ही कसाव्याच्या कंदाच्या पिठाची खळ लावतो. खळीत गुठळ्या. उद्या स्वतः शिजवणार.

७ मार्च
खळ झकास. शीर गायब. व्होल्टेज कमी असणार.
संकल्प: आणखी जोरात दाबायचं.

९ मार्च
नर्सेसना ट्रेनिंग दिलं. प्रोब दाबा, मन लावून दाबा. सिस्टर फोस्वांनी लगेच लिहून घेतलं. हुशार बाई.

१२ मार्च, दुपार
आंटी पुन्हा. मला बघताच म्हणाल्या, मशीन चालेल, हा नको. आणि रडायलाच लागल्या. मॅडम ऑपरेशनमध्ये, दुसरं कुणी नाही. फार वाईट वाटलं. दाबायचा धीरच होईना; प्रोब नुसता टेकवला. शीर जागची हलली नाही! पहिल्याच टोच्यात लागली. औषध गेलं, आंटी झोपल्या.
बाहेर येतो तर सिस्टर फोस्वा एका आजोबांच्या दंडावर प्रोब रोवून, सगळा भार टाकून उभ्या. घामाघूम. म्हणाल्या, शीर दिसते आणि जाते हो डॉक्टर, खळीत गुठळ्या असणार. आजोबा बिचारे दात आवळून पडलेले. मी सिस्टरांचा हात धरून जरासा वर उचलला. पडद्यावर शीर टम्म फुगून आली.
सिस्टरांनी सुई लावली. म्हटलं, व्होल्टेज सुधारलं वाटतं.
त्या म्हणाल्या, डॉक्टर, लाईट सकाळपासून नाहीये. मशीन बॅटरीवर चाललंय.