शिमग्याचा फाटका ढोल

होळी पौर्णिमा, संध्याकाळ. आखातातलं रुसैल, कंपनीची खोली.

एमिलचा ओठ मी फोडला.

गावाला शिमगा आणि आम्ही इथे. म्हणून ड्युटीवरून आल्यावर आम्ही चौघे कोकणातले खोलीतच ढोल बडवत होतो, बोंबा मारत होतो. एमिल शेजारच्या खोलीतला, कॅमेरूनचा, गळ्यात क्रूस. आला तो ओरडतच, "बंद करो! शैतान!" आणि सरळ ढोलावर लाथ. कातडं फाटलं. गावावरून आणलेला, पालखीपुढे वाजलेला ढोल! मग मी कुठला थांबतोय?

ओठावरचं रक्त पुसत तो तोडक्या हिंदीत सांगायला लागला. त्याच्या पणजोबाच्या वेळी तिकडे फ्रेंचांचं राज्य होतं. पाद्री म्हणाला, ढोल म्हणजे सैतान. पणजोबानं ऐकलं नाही, वाजवतच राहिला. पाद्र्यानं नुसता इशारा केला. शिपायांनी दगडावर हात दाबून धरले आणि बंदुकीच्या दस्त्यानं त्याची दहाही बोटं ठेचली. गावातले सगळे ढोल जाळले. "फिर हम शैतान से बच गए," एमिल म्हणाला. बच गए? हे तो अभिमानानं सांगत होता की काय? दहाही बोटं!

मी फाटका ढोल त्याच्यापुढे सरकवला.

कातडं जुळतंय का बघायला त्यानं ढोल मांडीवर घेतला. बघता बघता त्याची बोटं लाकडावर वाजायला लागली. आमचा ताल नव्हता तो. मी मान वर केली, तसे त्यानं दोन्ही हात पटकन काखेत लपवले.