मधलं नाव

प्रिय वीणा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग हसशील. तू कॉव्हेंट्रीत, मी लीड्समध्ये, रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं पाठवणाऱ्या आपण, आणि ही बया कागदावर पत्र लिहिते, तेही क्रेडिट कार्डाबद्दल! पण तू बँकेतली. पुण्यापासून पैशांची अक्कल तुझ्याचकडे होती, तेव्हा ऐक. हॉस्पिटलच्या फार्मसीत जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं अवाक्षर काढू नकोस. माझं व्हॉट्सअ‍ॅप परीक्षितच्या लॅपटॉपवरही उघडं असतं.

तर कार्ड. इथल्या एका छोट्या, यॉर्कशरपुरत्याच बँकेचं आहे. वार्षिक फी नाही, प्रत्येक खरेदीवर थोडा कॅशबॅक, आणि लिमिट म्हणशील तर चिऊच्या घासाएवढी. मोठ्या बँकांनी मला दारातूनच वाटेला लावलं. इतकी वर्षं इथे राहून माझ्या नावावर काहीच नाही. घराचा करार, विजेचं बिल, सगळं परीक्षितचं. माझा पगारही त्याच्याच खात्यात जातो. माझ्याकडचं कार्ड त्या खात्याचं, त्यामुळे मी कॉफी घेतली की त्याचा फोन वाजतो आणि लगेच माझा. कॉफी कशाला, घरी मशीन आहे ना, एवढंच विचारतो, अगदी गोड आवाजात. सुरुवातीला मला ती काळजी वाटायची. तुला कौतुकाने सांगितलंही होतं. या छोट्या बँकेचा खरा फायदा मात्र जाहिरातीत लिहिलेला नाही: तिची शाखा अजून उघडी आहे आणि तिथे माणूस बसतं.

घोळ झाला तो नावाचा. फॉर्मवर मिडल नेम विचारलं होतं, मी सवयीने परीक्षित लिहिलं. आपल्याकडे लग्न झालं की नवरा नावाच्या मध्ये येऊन बसतो आणि आपल्याला त्यात वावगंही वाटत नाही. घरी काही पाठवू नका, मी शाखेत येईन, असं बजावूनही त्यांच्या कॉम्प्युटरने एक पाकीट घरी धाडलंच. वर छापलेलं, डी. परीक्षित रेगे. परीक्षितने आपलंच समजून फोडलं. मी पोळ्या करत होते. तुमचा अर्ज मिळाला, ओळखपत्र घेऊन शाखेत या, हे त्याने मोठ्याने वाचलं. या लोकांना माझं नावसुद्धा धड लिहिता येत नाही, म्हणाला. अर्ज वगैरे काही नाही, टोटल मार्केटिंग गिमिक आहे, म्हणाला. मग खुर्ची ओढून मला ते कार्ड समजावून सांगायला बसला: इंटरेस्ट रेट बघ, कॅशबॅक म्हणजे निव्वळ चणेफुटाणे, आणि आजकाल ब्रांचमध्ये जातं कोण? सगळं बरोबर होतं गं. मी हो हो करत होते आणि तव्यावर पोळी जळत होती.

तो कागद त्याने फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवला. फाडून टाकला असता तर मी सुटले असते. दूध काढताना तो कागदाकडे बघायचा, मग माझ्याकडे बघून हसायचा. आमच्या घरात ‘डी’ कोण आहे हे त्याला कळलं नसेल? मला भीती वाटते, वीणा, खूप भीती वाटते. फ्रिजचं दार वाजलं की माझ्या हातातलं भांडं सुटतं. परवा अन्वी म्हणाली, आई, तू फ्रिजला का घाबरतो? एरवी मी घाबरतेस म्हण, असं शिकवलं असतं, पण मी नुसतं तिला जवळ ओढलं. आज सकाळी तो कागद तिथे नव्हता. परीक्षितने नाश्ता केला, अन्वीच्या केसांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, आज घरी किती वाजता येणार. त्याने हे कधीच विचारलेलं नाही, कारण त्याला ते नेहमी माहीत असतं.

दिवाळीला तुम्ही आला होतात तेव्हा माझ्या मनगटाकडे बघून तू विचारलं होतंस, आणि मी ओव्हनचा चटका म्हणाले होते. आमचा ओव्हन त्याच्याही आधीपासून बंद पडलेला आहे. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर आहे, मी गेले तर अन्वी इथेच राहील, असं तो सांगतो. खरं आहे का, मला माहीत नाही. कुणाला विचारायचं तेही माहीत नाही.

कार्ड मात्र आलं. ड्रायव्हिंग शिकू दिलं नाही, पण त्यासाठी काढलेलं शिकाऊ लायसन्स ओळखपत्र म्हणून कामी आलं. शाखेतल्या मुलीने विचारलं, कार्डावर नाव कसं हवंय? असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. काल ते घेतलं, फार्मसीच्या लॉकरमध्ये ठेवलंय. वर फक्त देविका रेगे आहे. त्यावर मी पहिली खरेदी केली, शुक्रवारची कॉव्हेंट्रीची दोन तिकिटं, एक माझं आणि एक अन्वीचं. तिला शाळेतूनच घेऊन निघणार. मी कुठे आहे ते फोन त्याला सांगतो, म्हणून तो घरीच ठेवीन. संध्याकाळी सहाच्या सुमाराला स्टेशनवर ये. तुझा पत्ता पाठ आहे, टॅक्सी करून येता येईल, प्रश्न तो नाही. मी माझ्या मनाला ओळखते. स्टेशनवर तू दिसली नाहीस तर मी परतीची तिकिटं काढेन, तेवढी लिमिट त्या कार्डात उरली आहे. म्हणून ये.

तुझीच,
देविका