या रविवारचा शब्द: नेश

डर्बी, इंग्लंड

प्रिय पप्पा, सलाम.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, स्वेटर घालते. फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून पत्र.

रविवारी जेवायला बसताना प्रत्येकाने एक नवा इंग्रजी शब्द आणायचा, ही तुम्ही लावलेली शिस्त. माझा शब्द 'नेश'. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता मऊ. पुढे हळवा झाला, मग भित्रा. आता इकडे थंडी न सोसणाऱ्याला नेश म्हणतात.

मी काम करते त्या वृद्धाश्रमात परवा एक आजी गेल्या. गार वारं येत होतं, म्हणून मी खिडकी लावली. सोबतची जोन म्हणाली, "किती नेश गं तू!" आणि तिने ती परत उघडली. माणूस गेलं की आत्म्याला वाट म्हणून इथे खिडकी उघडतात. मला माहीत नव्हतं.

तुमची शुगर कशी आहे? केडगावात थंडी पडली का?

शेजारची सीमा सांगत होती, आई गेल्यापासून तिच्या खोलीची खिडकी तुम्ही उघडलेलीच नाही. थंडीमुळे असेल, असं मी तिला म्हटलं.

रविवारी थोडी उघडून बघा.

तुमची, तुमच्याइतकीच नेश,
दया